उदयसिंह जगदाळे यांना शिस्त लावणेबाबत

माझ्या नवऱ्याला शिस्त नाही, अशी नोटीस आली तेव्हा त्यांना जाऊन दोन वर्षं होत आली होती.

नोटीस आली म्हणजे आभाळातून पडली नाही. घरी ती मीच पाठवली. सांगलीच्या मंडळ कार्यालयातून ती आमच्या कोरेगावच्या कचेरीत आली आणि माझ्या टेबलावर पडली. हे टेबल आधी यांचं होतं. यांच्यानंतर अनुकंपा तत्त्वावर ते मला मिळालं. पाकीट फोडलं आणि वाचायला लागले. "श्री. उदयसिंह सयाजी जगदाळे, कनिष्ठ लिपिक. आपण गेल्या संपूर्ण वर्षात एकदाही कार्यालयात वेळेवर हजर झालेला नाहीत. ही बाब शासकीय शिस्तीस धरून नाही. तरी आपणांवर कारवाई का करू नये, याचा खुलासा करावा."

मी तो कागद तसाच हेडक्लार्क नानासो भाऊसाहेबांपुढं नेऊन ठेवला.

"हे पाहिलंत का?"

"बघितलं."

"मग?"

"मग काय, जावक नंबर टाका आन् घरच्या पत्त्यावर धाडा. नोटीस ज्याची त्याच्या घरी पोचली पायजे. नियम हाय."

"भाऊसाहेब, घरचा पत्ता म्हणजे माझाच."

"मग बरंच झालं की. तिकीट वाचलं."

तेव्हा मी माझ्या हस्ताक्षरात माझाच पत्ता लिहिला, संध्याकाळी पर्समधून रिकाम्या डब्याशेजारून पाकीट काढून घरात दिलं, मिळाल्याची सही केली आणि दुसऱ्या दिवशी पोच फायलीला लावली. इतक्या बिनचूक वाटेनं आमच्या कचेरीतलं दुसरं कुठलंही पत्र आजवर गेलेलं नाही, हे मला नम्रपणे नोंदवावंसं वाटतं.

मला भीती होती ती आबांची. आबा म्हणजे माझे सासरे, पलटणीतून सुभेदार होऊन आलेले. मुलगा गेल्यापासून ते फार बोलत नाहीत. ही नोटीस वाचून ते कोसळतील, या धास्तीनं मी ती आधी सासूबाईंच्या हातात दिली, त्यांनी देवघरात ठेवली, आणि आबांनी ती बरोबर तिथूनच काढली. चष्मा लावून दोनदा वाचली. कोसळले वगैरे नाहीत. लालबुंद झाले.

"उदय? उशिरा?"

"आबा, कचेरीतल्या हजेरीच्या मशिनला माहीतच नाही की हे..."

"मशिनला म्हाईत न्हाई, मान्य. मग न्हाई आला म्हण की! रोज न्हाई आला म्हण. 'वेळेवर आला न्हाई' म्हंजे काय? पोरगं शाळेत होतं तवापास्नं घंटेच्या आधी दारात उभं असायचं. हे असलं लिवतंय कोण? त्येचा हुद्दा काय?"

मेलेल्या माणसाला नोटीस काढली याचा त्यांना राग नव्हता. बेशिस्त म्हटलं याचा होता. त्यांनी त्याच दिवशी खुलासा लिहायला घेतला. प्रत्येक वाक्य "कळविण्यात येते की" असं सुरू होत होतं आणि कुठलंही संपत नव्हतं.

बातमी गल्लीत फिरायला वेळ लागला नाही. समोरच्या बनुमावशी लसूण निवडत निवडत आमच्या पायरीवर येऊन बसल्या.

"नाव हाय न्हवं अजून? असू दे की गं. लोकांचं माणूस गेलं की दुसऱ्या दिशी रेशन कार्डावनं नाव उडवत्यात. तुझ्या दाल्ल्याची सरकार दोन वर्सं झाली तरी रोज सकाळी वाट बघतंय. एवढी वाट कोण बघतंय आजकाल?"

दूध घालायला आलेले केरबा भांडं हातात धरून तिथंच थांबले. "वैनी, पगारबी चालू हाय का मग?"

"नाही हो. तो त्याच महिन्यात बंद झाला."

"हां. पगार लगीच बंद, हजेरी मातर चालू." त्यांनी मान हलवली. "सरकार लय हुशार हाय."

बनुमावशींचं म्हणणं मला पटत नव्हतं असं नाही. अडचण निराळी होती. कचेरीच्या दाराशी भिंतीवर एक मशीन आहे. ते चेहरा बघून हजेरी लावतं. त्याच्या हिशेबी एका पदावर एकच चेहरा असतो. माझ्या पदावर यांचा चेहरा होता, म्हणून माझा चेहरा ते घेतच नव्हतं. रुजू झाल्यापासून मी आपली जुन्या मस्टरवर सही करत होते. आता साहेबांनी परिपत्रक वाचून दाखवलं, की नव्या वर्षापासून मस्टर बंद. मशिनमध्ये दिसेल तो हजर, न दिसेल तो गैरहजर. आणि माझ्यासारखा परिविक्षेवरचा, म्हणजे अजून कायम न झालेला माणूस असा लागोपाठ गैरहजर दिसला, तर त्याची नेमणूकच रद्द.

म्हणजे जे येऊ शकत नव्हते त्यांचं नाव राहिलं, तर जी रोज येत होती ती येत नाही असं ठरणार होतं. घर माझ्या नोकरीवर उभं आहे. आबांची निम्मी पेन्शन दवाखान्याकडं जाते आणि नंदू, म्हणजे आमची राजनंदिनी, तिला अजून शाळेत घालायची आहे. तेव्हा यांचं नाव काढणं भाग होतं. मला वाटलं, एका दुपारचं काम.

साहेबांनी स्वतः संगणक उघडला. आमचे साहेब वयानं माझ्याहून लहान आहेत आणि अत्यंत प्रेरित आहेत. म्हणजे पुढच्या परीक्षेसाठी. त्यांच्या खणात पुस्तक असतं, कोणी आत आलं की खण हळूच मिटतो. त्यात त्यांना हसण्यासारखं काही नाही. आमच्या कचेरीतल्या प्रत्येक तरुण माणसाच्या खणात तेच पुस्तक आहे. सगळे इथून निघून जायच्या तयारीनं इथं येतात. यांच्या खणात तेवढा नेलकटर, विड्याची सुपारी आणि नंदूचा फोटो निघाला होता.

"काढण्याचं कारण निवडा, असं म्हणतंय," साहेब म्हणाले. "निवृत्ती, बदली, राजीनामा, निलंबन, बडतर्फी."

"आणि मृत्यू?"

त्यांनी वर खाली करून पाहिलं. "नाही दिलाय."

"निवृत्ती टाका की," भाऊसाहेब म्हणाले. ती टाकली. मशीन म्हणालं, वय कमी आहे.

"बदली टाका."

बदली टाकली. बदलीचं ठिकाण, असा रकाना उघडला. तो भरल्याशिवाय पुढं जाता येत नव्हतं. आम्ही तिघंही त्या रकान्याकडं बघत बसलो. मग भाऊसाहेब उगाच उठून खिडकी लावायला गेले. खिडकी आधीच लावलेली होती.

राजीनाम्याला यांचा स्वतःचा चेहरा लागत होता. राहिलं निलंबन आणि बडतर्फी.

"ताई, नुसती तांत्रिक बाब आहे," साहेब म्हणाले. "निलंबित टाकलं तर लगेच निघतंय."

"नाही."

"कोणी बघणार नाही हो."

"आबांना कळलं तर? आणि मला कळणारच आहे."

साहेबांनी उसासा टाकला. मग म्हणाले, की हे आता सांगलीच्या मंडळातूनच निघेल, आणि अनायासे सांगलीला एक शिबिर आहे. "शासकीय कार्यालयांतील युवा कर्मचाऱ्यांसाठी प्रेरणा व शिस्त". ज्या तरुण कर्मचाऱ्यांची हजेरी वाईट, त्यांची नावं मशिननंच काढली होती. आमच्या कचेरीतून एकच नाव होतं.

"कुणाचं?" मी विचारलं. खरं तर विचारायची गरज नव्हती.

"कोणी गेलं नाही तर अहवालात आपली कचेरी लाल रंगात जाते हो, ताई. तुम्ही जा. टेबल एकच आहे ना? शिबिरही होईल आणि नावाचंही काम होईल."

अशा रीतीनं, माझ्या दिवंगत पतीला शिस्त लावून घेण्यासाठी मी सांगलीला निघाले.

एकटीनं जायचा विचार होता. पण नंदूला सर्दी झालेली, रात्री छातीत घरघर, आणि तिच्या श्वासाचा आवाज माझ्याशिवाय कोणाला नीट कळत नाही, असं माझं ठाम मत आहे. सासूबाई म्हणाल्या, "ठेव माझ्यापाशी, मी काय पोरं वाढवली न्हाईत का?" मी हो म्हटलं आणि मग पिशवी भरताना तिचे मोजे, वाफेचं यंत्र, थर्मास, कोरडे कपडे, आणखी कोरडे कपडे असं सगळं आपोआप भरत गेले. सासूबाईंनी पिशवीकडं पाहिलं आणि नंदूला कानटोपी घातली.

एसटीत मी ड्रायव्हरच्या मागची जागा धरते. उसाचा हंगाम होता. रहिमतपूरच्या पुढं रस्त्याला दोन्ही अंगांनी ट्रॉल्या, मागं दिवा नाही, लाल पट्टी नाही, उसाचे शेंडे रस्ताभर लोंबतायत. धुकंही होतं.

"मामा, पुढं ट्रॉली आहे."

"दिसतीया, ताई."

थोड्या वेळानं, "मामा, ती डावीकडं उभी केलेली."

"व्हय, दिसली."

"मामा, वळणावर..."

ड्रायव्हरनं आरशातून माझ्याकडं पाहिलं. "ताई, तुमी या हितं, मी मागं जाऊन झोपतो."

सगळी गाडी हसली. नंदूही हसली, तिला कळलं नव्हतं तरी. मीही हसले. पण कराडपर्यंत मी डोळे मिटले नाहीत, आणि त्या बिचाऱ्या माणसानं नंतर प्रत्येक ट्रॉलीला, मी बोलायच्या आत, स्वतःच "दिसली" म्हणायला सुरुवात केली.

शिबिर विश्रामबागेत एका सरकारी सभागृहात होतं. दाराशी टेबल, टेबलाशी एक मुलगी, तिच्यापुढं नावांच्या पट्ट्या.

"उदयसिंह जगदाळे," मी पट्टीकडं बोट दाखवलं. "मी त्यांच्या जागी आले आहे."

"ते रजेवर आहेत का?"

"ते वारले."

"अरे बापरे." तिनं पेन उचललं. "मग खोडते हां." आणि थांबली. "पण खोडलं तर जेवणाचं ताट कमी होईल. तुमचं नाव तर आमच्याकडं नाहीच. तुम्ही जेवणार ना? आणि बाळ?"

हा विचार व्यवहारी होता. पट्टी माझ्या गळ्यात आली. बरोबर एक टीशर्ट मिळाला, पुरुषी मापाचा, छातीवर "मी बदलणार!" असं उद्गारचिन्हासकट. तो ड्रेसवरून घालणं सक्तीचं होतं. तो माझ्या गुडघ्यांपर्यंत आला. नंदू म्हणाली, "आई, तू पोतं झालीस."

शेजारच्या खुर्चीवर जतची प्रीती होती. तिथं टँकरच्या कामावर लागलेली, सहाच महिने झालेले. तिनं लगेच नंदूला मांडीवर घेतलं आणि खाकऱ्याचा तुकडा दिला.

"तुमी कशात सापडलात, अक्का?"

"हजेरी. तू?"

"मीबी तेच. गावातनं माणसं सकाळीच माझ्या खोलीवर येत्यात, पाणी कवा म्हणून. त्यांच्या पुढ्यातनं उठून हापिसला कशी जाऊ? आन् हापिसात गेले तर टँकर सोडायचा अधिकार मला न्हाई. मग मी दोन्हीकडं उशिरा." ती हसली. "माझी आई म्हणती, कन्नडमधनं सांग त्यांना, तुझं कन्नड ऐकून आपोआप पळतील."

मंचावर रविराज सर आले. पुण्याचे, प्रेरणेचे तज्ज्ञ, कॉलरला माइक. माइक अधूनमधून बंद पडे, त्यामुळं त्यांची निम्मी प्रेरणा हातवाऱ्यांनीच पोचत होती. त्यांनी आम्हाला आधी उठवलं, मग बसवलं, मग परत उठवलं आणि टाळ्या वाजवायला लावल्या. सरकारी माणूस तीन प्रकारचा असतो म्हणाले: ढकलल्यावर चालणारा, उतारावर चालणारा आणि स्वतःच्या इंजिनावर चालणारा. मागून कोणीतरी म्हणालं, "सर, डिझेल कोण भरणार, ते सांगा की." सभागृह हसलं. सरही हसले, पण त्यांनी त्या मुलाकडं नीट बघून ठेवलं.

मग त्यांनी एक कागद उचलला.

"आता मी तुम्हाला आजच्या शिबिराचा खरा हिरो दाखवतो. दोन जिल्ह्यांत एक नंबर! संपूर्ण वर्षात हा पठ्ठ्या एकदाही वेळेवर आलेला नाही. एकदाही! पावसाळा नाही, उन्हाळा नाही, छप्पन्न सबबी नाहीत. नुसता येतच नाही! श्री. उदयसिंह जगदाळे! या, या, लाजू नका!"

टाळ्या वाजल्या. शिट्ट्याही. "आरं, दाखव की गड्या तोंड!" "पाया पडतो तुझ्या, भावा!"

मला खरं तर खालीच बसून राहायचं होतं. पण पट्टी माझ्या गळ्यात होती, प्रीतीनं ती वाचली होती, आणि ती आता माझ्याकडं डोळे मोठे करून बघत होती. मी उठले. नंदूला कडेवर घेतलं आणि पोत्यासारख्या टीशर्टात मंचावर चढले.

"ताई, उदयसिंह कोण तुमचे?"

"मिस्टर."

सभागृह फुटलंच. सरांनी दोन्ही हात पसरले. "बघा! बघा मंडळी! हीच ती मानसिकता! शिस्तीच्या शिबिरालासुद्धा बायकोला पाठवलं!"

मी बोलायला तोंड उघडलं, पण त्या हशात माझं मलाच ऐकू येईना. तेवढ्यात खालून कोणीतरी बायकी आवाजात ओरडलं, "नाव घ्या, वैनी! नाव घ्या!" आणि मग सगळेच टाळ्यांच्या ठेक्यावर, हळदीला आल्यासारखे, "नाव घ्या! नाव घ्या!"

सरांना ते फारच आवडलं. त्यांनी कॉलरचा माइक काढून माझ्या तोंडापुढं धरला. "घ्या, ताई. नाव घ्या आणि सांगा, आमचे हे कामावर का येत नाहीत!"

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. मी बी.कॉम. आहे, साताऱ्याच्या कॉलेजात शिकले, माझ्या मैत्रिणी आपापल्या नवऱ्यांना नावानं, काही तर टोपणनावानं हाका मारतात. पण आमच्या घरात ते चालत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही "अहो" म्हणायला आवडायचं. अहो म्हटलं की ते कुठूनही ओ द्यायचे. लग्नात उंबऱ्यावर अडवलं तेव्हा उखाण्यात घेतलं होतं तेवढंच. ते गेल्यानंतर तर अर्जांवर लिहिलं, शंभर ठिकाणी लिहिलं, पण तोंडानं उच्चारायची वेळ माझ्यावर आली नव्हती. मी सगळीकडं "हे" म्हणत होते, "मिस्टर" म्हणत होते.

माइक चालू होता, हे दुर्दैव.

"उदयसिंह," मी म्हणाले, आणि माझा आवाज मागच्या भिंतीवर आपटून परत आला. माझाच आवाज आणि त्यांचं नाव. टाळ्या आणखी वाढल्या. ठेका चालूच होता. "उदयसिंह कामावर यायलाच निघाले होते. रस्त्यात धुकं होतं. उसाची ट्रॉली उभी होती, दिवा नव्हता." ठेका पुढच्या रांगेपासून तुटत मागं गेला. "ते वारले. त्या दिवशीही ते वेळेवरच निघाले होते."

एक मुलगा अजून टाळी वाजवत होता. शेजाऱ्यानं त्याचा हात धरला.

रविराज सरांचा चेहरा बघून मला त्यांचीच दया आली. त्यांनी माझ्या तोंडापुढून माइक काढला, तो कॉलरला लावायचा प्रयत्न केला, तो लागेना. मग म्हणाले, "आपण... आपण दोन मिनिटं शांत उभं राहू या."

सगळे उभे राहिले. दोन जिल्ह्यांतले उशिरा येणारे सगळे तरुण कर्मचारी, माना खाली, छातीवर "मी बदलणार!" मी मंचावर त्यांच्यासमोर उभी. यांच्या दहाव्याला इतकी माणसं नव्हती, असं माझ्या मनात आलं, आणि ही गोष्ट आबांना सांगायला हवी, असंही आलं. त्या शांततेत नंदू स्पष्टपणे म्हणाली, "आई, शू."

कोणीही हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. आम्ही दोघी सगळ्या रांगांमधून, प्रत्येक खुर्चीला पिशवी अडकवत, बाहेर गेलो.

परत आले तेव्हा प्रीती दाराशी उभी होती. डोळे लाल. "अक्का, पहिली शिट्टी मी मारलीती."

"मला वाटलं, मुलांनीच मारली."

"न्हाई. मला लय चांगली येती." आणि ती रडायला लागली. मला तिला समजवावं लागलं. मग तिनं नंदूला मांडीवर घेऊन स्वतःचा जिलेबीचा वाटा भरवला. मी ओरडले, सर्दी आहे म्हणून. ती म्हणाली, "असू द्या ओ, एक दिवस."

जेवणानंतर ती माझ्याबरोबर मंडळ कार्यालयात आली. संगणकाच्या खोलीत भरतेश नावाचा मुलगा होता, चष्मेवाला, शांत. बातमी त्याच्यापर्यंत पोचलीच होती. त्यानं आम्हाला बसवलं, पाणी दिलं, आणि यंत्रणा उघडली.

"कारणात मृत्यू नाहीये, ताई. ते आम्हीपण वर कळवलंय. पण मला थेट नोंदच काढायचा अधिकार आहे. कारण लागत नाही."

"निलंबित वगैरे कुठं येणार नाही?"

"कुठंच काही येणार नाही. नोंदच राहणार नाही."

त्यानं एक कळ दाबली आणि पडद्यावर यांचा फोटो आला.

मशीन बसवलं त्या दिवशी घेतलेला. मी तो कधी बघितला नव्हता. घरात यांचे जे फोटो आहेत, त्या सगळ्यांत ते हसतायत. लग्नातले, बारशातले, महाबळेश्वरचे. हार घातलेला मोठा फोटोही हसराच आहे. या फोटोत ते हसत नव्हते. पाण्यानं केस बसवलेले, मागं कपाटाची कड, आणि चेहऱ्यावर तो भाव, मी दाराला कुलूप लावून परत एकदा गॅस बघायला आत गेले की गाडीवर बसल्या बसल्या जो असायचा तो. चला आता. उरका. मला वाटायचं की तो चेहरा मी विसरले. तो रोजचा होता, त्याचा फोटो कोण काढतं?

"मोबाईलवर घेऊन ठेवा की," भरतेश हळूच म्हणाला.

घेतला. पडद्यावरच्या आडव्या रेघा आल्या आणि मधे माझ्याच हाताची सावली. परत घेतला. तसाच.

नंदू खुर्चीवर उभी राहून बघत होती. तिनं पडद्यावर बोट ठेवलं.

"आई, हा काका कोण?"

घरातल्या फोटोतले पप्पा तिला पाठ आहेत. रोज त्यांना नमस्कार करते, टाटा करते. हे तिच्या ओळखीचे नव्हते. प्रीतीनं तोंड फिरवलं.

"ऑफिसमधले आहेत," मी म्हणाले.

भरतेशनं विचारलं, "करू?"

"करा."

पडद्यानं विचारलं, खात्री आहे का? भरतेशनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. पडद्यानं परत तेच विचारलं. एवढी काळजी त्यानं दोन वर्षांत कधी घेतली नव्हती. मग तिथं एक राखाडी चौकोन उरला, आणि आत कोणीच नसलेल्या माणसाची आकृती.

"आता तुमचा. इथं बघा, ताई."

मी बघितलं. मशीन म्हणालं, चेहरा स्पष्ट नाही. ओढणीनं डोळे पुसले, परत बघितलं. चेहरा स्पष्ट नाही. प्रीतीनं मागून माझे केस नीट केले. चेहरा स्पष्ट नाही.

"रडू नका," भरतेश अगदी अवघडून म्हणाला, "आणि हसूपण नका. नाहीतर उद्यापासून ते तुम्हाला ओळखणार नाही. रोज यायचा तसा चेहरा ठेवा. साधा."

"आई, नीट बस ना," नंदू म्हणाली.

मी नीट बसले. टीशर्ट गुडघ्यांवरून खाली ओढला. समोरच्या काचेकडं बघत राहिले. मनात उद्याचा डबा आणला, नंदूचं औषध आणलं, परतीची गाडी आणली. हळूहळू चेहरा बसला.

हिरवा दिवा लागला. मशिनला बाईचा आवाज होता, स्वच्छ, पुस्तकी. दुपारचे साडेतीन वाजून गेले होते, त्याला ती तरी काय करणार?

"क्रांती उदयसिंह जगदाळे," ती म्हणाली. "आपण उशिरा आला आहात."